एक्कावन्नावी लक्ष्मी

मुंबई,
६ जुलै २००३

चि. आचल,

तुमच्या घरचा फोन दुकानाच्या गल्ल्यावर आणि गल्ल्यावर तुझे सासरे. मी फोन केला की 'हो', 'बरं', 'ठेवते' याच्यापुढे तुझी गाडी जात नाही. लहानपणी माझं डोकं खाणारी हीच का ती, असा प्रश्न पडतो. म्हणून पत्र.

मला एक नवं वेड लागलंय. आमच्या ऑफिसामागच्या गल्लीत एका भिंतीवर माणसाच्या उंचीचा कागदी मारुती चिकटवलेला दिसला. खांद्यावर गदा नाही, टेपरेकॉर्डर. डोळ्याला काळा चष्मा. येणारेजाणारे नमस्कार करून पुढे जात होते, कारण मारुती आहे एवढंच त्यांना दिसत होतं. मी मात्र तिथेच उभा राहिलो. शोधत गेलो तर अंकुश नावाचा एक पोरगा निघाला. चित्रकलेचं शिक्षण अर्धवट सोडलेलं, केस मानेपर्यंत. देव घेतो, त्याला सिनेमा, क्रिकेट, जाहिराती यांतलं काहीतरी देतो आणि भिंतीवर लावतो. मग त्याच चित्राच्या स्क्रीन प्रिंटिंगने पन्नास प्रती काढतो, प्रत्येकीखाली पेन्सिलीने नंबर टाकतो आणि छपाईची जाळी धुऊन टाकतो. एक्कावन्नावी प्रत कोणाच्या बापाला मिळत नाही. यातच सगळी गंमत आहे.

माझ्याकडे मारुती आहे, स्कूटरवरचा गणपती आहे, बॅट घेतलेला बाळकृष्ण आहे. तुझी वहिनी मोहिनी म्हणते, भिंती देवांनी भरल्या आणि देवघर रिकामं. गेल्या आठवड्यात लक्ष्मी आली. पन्नासातली पहिली. ती विकत मिळत नाही, चित्रकाराच्या मर्जीतल्या माणसाला मिळते. तुझा दादा आता मर्जीतला माणूस आहे.

मयुरीला पापा. गजेंद्ररावांना नमस्कार.

तुझा,
योगूदादा

देवळी,
२ ऑगस्ट २००३

प्रिय योगूदादा,

तुझं पत्र घरी येईपर्यंत फुटलेलं होतं. आमच्याकडे पाकीट आधी भैय्याजी फोडतात, मग गजेंद्र वाचतात, मग उरलंसुरलं माझ्याकडे येतं. भैय्याजींनी मारुतीच्या टेपरेकॉर्डरपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "सुनेच्या भावाचं डोकं फिरलं काय?" तेव्हा तुझी कीर्ती देवळीपर्यंत पोचली आहे, काळजी नसावी.

माझी गाडी फोनवर पुढे का जात नाही विचारतोस. सासऱ्यासमोर नाकाच्या शेंड्यापर्यंत पदर ओढायचा आणि आवाज पदराच्या आत ठेवायचा, हे इथलं वळण. तुला माहीत आहे, पण मुंबईला गेल्यावर माणूस सोयीनं विसरतो. मला पाहायला सासूबाई आणि आत्याबाई आल्या होत्या, लग्नातही पदर खालीच होता. सहा वर्षं झाली, भैय्याजींनी माझं तोंड पाहिलेलं नाही. बांगड्यांच्या आवाजावरून ओळखतात. एकदा शेजारच्या कोकिळाबाई माझ्यासारख्याच बांगड्या घालून आल्या तर त्यांनाच म्हणाले, "सूनबाई, पाणी आन." शेजारीण बिचारी पाणी घेऊन गेली.

माणूस वाईट नाही. ताठ आहे. दिवाळीत गिऱ्हाइकांना जी कॅलेंडरं देतात, ती दर वर्षी स्वतः नागपूरला जाऊन निवडतात. दुसऱ्या कोणाला नमुना दाखवतसुद्धा नाहीत. म्हणतात, "देव निवडाले नजर लागते." यंदा लक्ष्मीच आणायची असं ठरलंय.

तुझी ती लक्ष्मी कशी आहे रे? पाठव की मला एकदा पाहायला. पन्नासातली नको, असाच एखादा फोटो काढून पाठव. देवाला तुझा चित्रकार काय काय देतो ते बघू तरी.

तुझी,
आचल

मुंबई,
११ सप्टेंबर २००३

चि. आचल,

उशीर झाला, ऑफिसात गणपतीच्या जाहिरातींची घाई होती. लक्ष्मीचा फोटो पाठवता येणार नाही. फ्लॅशने रंग उडतो. मी तिला काचेत बंद करून उन्हापासून लांब ठेवलंय. मोहिनी पुसायला गेली तर मी तिच्या हातून फडकं काढून घेतलं.

सांगतो कशी आहे ती. कमळावर उभी. एका हातात कोल्ड्रिंकची बाटली, दुसऱ्यात मोबाइल. कानात वॉकमनच्या वायरी, डोक्यावर चढवलेला गॉगल. खालच्या हातातून नाणी पडताहेत. आणि चेहरा मात्र अगदी घरगुती, हसरा. तिथेच ती जिंकते. अंकुश म्हणतो, नटीचा चेहरा लावला असता तर पोस्टर झालं असतं, या चेहऱ्यामुळे देवी झाली.

भिंतीवरचं मोठं चित्र चार दिवसांत कोणीतरी अलगद सोलून नेलं. वेडे सगळीकडे आहेत.

पुढच्या पत्रात जास्त लिहीन.

योगूदादा

देवळी,
३ नोव्हेंबर २००३

दादा,

हे पत्र कोकिळाबाईंच्या हाती पोस्टात टाकतेय. उत्तर त्यांच्याच पत्त्यावर पाठव, पत्ता मागे लिहिलाय.

भैय्याजींची कॅलेंडरं आली. गुंडाळी करून रबर लावलेल्या हजार नळ्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्यांनी एक उघडून दुकानात गल्ल्यामागे टांगली, हार घातला, कुंकू लावलं आणि बाकीच्या स्वतःच्या हातानं गिऱ्हाइकांना वाटल्या. नाचणगाव, पुलगाव, जिथून जिथून गिऱ्हाईक येतं तिथं तिथं गेल्या. गजेंद्र सरकीच्या गोदामावर होते. संध्याकाळी दुकानात आले, हारामागं पाहिलं आणि त्यांना वाटलं आपल्याला भास होतोय.

रात्री सासूबाईंनी एक नळी स्वयंपाकघरात लावायला माझ्याकडे दिली. मी उघडली. कमळावर मी उभी होते, दादा.

बाटली नव्हती, गॉगल नव्हता, मोबाइलच्या जागी शंख होता. कोणीतरी ती पुसून सोवळी केली होती. एका कानातली वायर पुसायची राहिली, तिला लोक दागिना समजताहेत. पण तोंड माझं. डावी भुवई मध्ये तुटलेली, लहानपणी विहिरीच्या काठावर पडले तेव्हाची. हसणं माझ्या हळदीच्या दिवसाचं. तुझा नवा कॅमेरा होता, तू म्हणालास, "अंबाडा सुटला पाहा," मी हसत वळले आणि तू खट्कन दाबलंस. तो फोटो तू कोणाला दिला नाहीस, आईलासुद्धा नाही. तुझ्याचकडे होता.

मला आता कळलं तू लक्ष्मीचा फोटो का पाठवला नाहीस.

इथं काय चाललंय ते ऐक. बायांनी मला लगेच ओळखलं. नवऱ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी एक पाटील दुकानात येऊन भैय्याजींना म्हणाले, "घरच्याच लक्ष्मीले छापलं का भैय्याजी? चांगलं केलं, फोटोवाल्याचा खर्च वाचला." भैय्याजींना काहीच कळेना. त्यांनी घरी येऊन सासूबाईंना विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "थोडी दिसते तिच्यावानी. देवीचं तोंड कोनावरही जाते." तेवढ्यावर ते दुकानात परत गेले. पण दुकानासमोरून पोरं जाताना हसतात, ते त्यांना ऐकू येतं.

गजेंद्र म्हणाले परत मागवू. दिवाळीत दिलेली लक्ष्मी परत मागायची कशी? कोणत्या तोंडानं? लोकांनी देवघरात लावली, हळदकुंकू वाहिलं. फाडता येत नाही, जाळता येत नाही. पुढचं वर्ष संपेपर्यंत मी हजार घरांत उभी राहणार, आणि इथं भैय्याजींच्या पुढ्यातून पदर ओढून जाणार.

मला एवढंच सांग, हे कसं झालं?

आचल

मुंबई,
१५ नोव्हेंबर २००३

चि. आचल,

तुझं पत्र वाचून माझा संताप झाला. अंकुशला दाखवलं, तो तर खालीच बसला. त्याने पन्नास प्रतींनंतर स्वतःच्या हाताने जाळी धुतली होती. आणि कुठला तरी कॅलेंडरवाला भिंतीवरून सोललेल्या कागदावरून हजार काढतो, तेही बाटली पुसून. मूळ कल्पनेचाच खून. पन्नास लोकांनी जिवापाड जपलेली वस्तू किराण्याच्या पिशवीबरोबर फुकट वाटली गेली. कोणाकडे दाद मागायची?

तुझ्या फोटोचं विचारतेस. तो माझ्या टेबलावर असायचा. अंकुश घरी आला होता, त्याच्या नजरेत भरला. चित्राला कुठला ना कुठला चेहरा लागतोच, त्यात एवढं काय? देवीचा चेहरा झालीस, बाजारातल्या बाईचा नाही. इथे लोक त्या चेहऱ्याकडे किती आदराने पाहतात हे तू पाहिलं असतंस तर असं लिहिलं नसतंस.

गावाचं तोंड आठ दिवस चालतं. मकरसंक्रांतीपर्यंत सगळे विसरतील.

एक काम कर. त्या कॅलेंडरच्या पाच-सहा कोऱ्या नळ्या बाजूला ठेव. घडी घालू नको, कुंकू लावू देऊ नको. नकलेलाही पुढे किंमत येते.

योगूदादा

देवळी,
२० जानेवारी २००४

दादा,

गाव विसरलं नाही. तू विसरू दिलं नाहीस.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अर्धं पान तुझं आहे. भिंतीवरच्या देवांचा संग्राहक. मागे तुझी लक्ष्मी, बाटली, गॉगल, सगळ्यांसकट, आणि तिच्याजवळ हात बांधून तू. खाली लिहिलंय की हा चेहरा तुझ्या परिचयातल्या एका बाईचा आहे आणि तिने मोठ्या आनंदानं संमती दिली.

कधी दिली रे मी? कोणाजवळ दिली?

वर्ध्याहून एका व्यापाऱ्यानं ते पान भैय्याजींना आणून दाखवलं. त्याच संध्याकाळी मला बैठकीत बोलावलं. सासूबाई होत्या, गजेंद्र होते, मयुरी माझा पदर धरून. भैय्याजींच्या हातात कॅलेंडर. म्हणाले, "सूनबाई, पदर वर कर."

मी हलले नाही. सहा वर्षं ज्यांच्यासमोर तोंड झाकायला शिकवलं त्यांच्यासमोर हात कसा वर जाणार? शेवटी सासूबाईंनीच पदर वर केला. भैय्याजींनी कॅलेंडर माझ्या गालाला लावून धरलं आणि पाहिलं. खूप वेळ पाहिलं. दुकानात माल पारखतात तसंच. मग म्हणाले, "हेच हाय." आणि तोंड फिरवून म्हणाले, "झाक आता."

मला त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुला हे समजावं म्हणून लिहितेय, दया यावी म्हणून नाही.

मग विचारपूस सुरू झाली. दोन वर्षांमागं तुझ्या घराच्या वास्तुशांतीला मी आठ दिवस मुंबईला आले होते. भैय्याजी म्हणतात, "तवाच बाटली हातात घेऊन हुबी राह्यली असन. भावानं छापून देल्लं की तिनं खुशीनं हो म्हटलं. भाऊ खोटं काऊन बोलन?" मी सांगितलं तो फोटो हळदीचा आहे, लग्नाच्या आदल्या दिवसाचा, सिंदीच्या आमच्या अंगणातला. ते म्हणाले, "मग दाखव." माझ्याजवळ काय आहे दाखवायला?

गजेंद्रांना मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं. म्हणाले, "मले वाटून काय करतं? बापासमोर पुरावा लागते." रागावले असते तरी परवडलं असतं.

होळीनंतर मला सिंदीला आईकडे नेऊन सोडायचं ठरतंय. मयुरी इथं राहील. "ते आमचं रक्त हाय," म्हणतात. पोरगी पाच वर्षांची आहे, दादा. अजून माझ्या हातानं जेवते.

तू दोन गोष्टी कर. तो मूळ फोटो पाठव. त्यात माझ्या गालावर हळद आहे, गळ्यात मंगळसूत्र नाही, मागे आपली विहीर आहे. आंधळ्यालाही कळेल की लग्नाआधीचा आहे. आणि भैय्याजींच्या नावानं चार ओळी लिही की फोटो तू दिलास, मला विचारलं नाहीस. कोकिळाबाईंकडे नको, दुकानाच्याच पत्त्यावर पाठव. पाकीट ते फोडतील आणि मोठ्यानं वाचून घेतील. एकदा तरी त्या फोडण्याचा मला उपयोग होऊ दे. स्वतः आलास तर त्याहून चांगलं.

मी कधी काही मागितलं नाही. मयुरीसाठी मागते आहे.

आचल

मुंबई,
२४ फेब्रुवारी २००४

चि. आचल,

मार्चअखेरीमुळे ऑफिसातून हलता येत नाही, नाहीतर आलोच असतो.

फोटोबद्दल. तो आता लक्ष्मीच्याच चौकटीत, तिच्या खाली बसवलाय. अंकुशने मागे सही केलीय. पहिली प्रत आणि मूळ फोटो असा जोड दुसऱ्या कोणाकडे नाही. चौकट उघडली की कागदाला हवा लागते, जोड मोडतो. दिल्लीच्या एका दालनाने पुढच्या वर्षीसाठी तो मागितलाय. म्हणून झेरॉक्स पाठवतोय. थोडी काळी आली आहे, पण विहिरीचा अंदाज येतो.

पुरवणीतल्या 'संमती'बद्दल. पत्रकाराने विचारलं, तिची हरकत नव्हती ना? मी काय सांगणार होतो? तू कुठे नाही म्हणाली होतीस? आता मीच लिहून दिलं की विचारलं नव्हतं, तर अंकुशवर बालंट येईल. उगवता मुलगा आहे. दोन ओळींनी तो आयुष्यातून उठेल. तू समजूतदार आहेस. भैय्याजींना नीट समजावून सांग, मोठी माणसं रागावतात आणि विरघळतात.

कोऱ्या नळ्या ठेवल्यास ना? जमल्या तर दहा-बारा ठेव. बाटली पुसलेली प्रत बाटलीवाल्या प्रतीशेजारी लावली की प्रदर्शनात काय बोलेल ती!

योगूदादा

मुंबई,
१२ ऑक्टोबर २००४

चि. आचल,

आईच्या पत्रावरून कळलं की तू होळीपासून सिंदीला आहेस. बरंच झालं, थोडा आराम होईल. तुझं पत्र नाही म्हणून राग आला असेल असं मोहिनी म्हणते. मी म्हटलं, आचल माझ्यावर रागावून किती दिवस राहणार?

आनंदाची बातमी. दिल्लीचं नक्की झालं. त्यांना अजून एक गोष्ट हवी आहे, मूळ चेहऱ्याचा आजचा फोटो. लक्ष्मी, हळदीचा फोटो, कॅलेंडर आणि आजची तू, असं चौघांचं एक दालन. कॅलेंडर तेवढं मिळालेलं नाही, देवळीत कोणाकडे असेल तर मागवून ठेव.

भाऊबीजेला येतोय. कॅमेरा आणतो. साधीच साडी नेस, आणि हस जरा, तेव्हासारखं.

तुझा,
योगूदादा

सिंदी (रेल्वे),
१८ नोव्हेंबर २००४

योगेंद्र,

स्टेशनावर आईला तू विचारलंस म्हणे, "आचलनं असं काऊन केलं?" आईला कशाला विचारतोस? ती आई आहे, तिला दोन्हीकडून तुटतं. म्हणून मी लिहिते. तुला लिहायची इच्छा उरलेली नाही, पण तू दिल्लीत लोकांना आपल्या मनानं काहीतरी सांगशील आणि ते छापून येईल.

आधी तुझ्या फेब्रुवारीच्या पत्राचं सांगते. ते मी म्हटलं तसं दुकानातच फुटलं. भैय्याजी गादीवर, सासूबाई दाराशी, मी पदराआड, आणि गजेंद्र मोठ्यानं वाचत होते. झेरॉक्स हातोहात फिरली. काळा डाग आणि त्यात दात. भैय्याजी म्हणाले, "हे विहीर हाय का बाटली हाय?" मग 'तू कुठे नाही म्हणाली होतीस' हे वाक्य आलं. गजेंद्र तिथं थांबले. भैय्याजी म्हणाले, "वाच, पुढं वाच." पुढं तू दहा-बारा नळ्या मागितल्या होत्यास. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. त्यांना वाटलं मी आणि तू मिळून हा धंदा करतो, आणि नळ्या ठेवायचं आपलं आधीपासून ठरलेलं आहे. मी काय बोलले ते मला आठवत नाही. कोणी ऐकलं नाही एवढं आठवतं.

चार ओळी मागितल्या होत्या. तू पानभर लिहिलंस आणि त्यात नेमक्या त्या चार ओळी नव्हत्या.

मयुरी देवळीला आहे. गजेंद्र महिन्यातून एकदा तिला वर्ध्याच्या बसस्टँडवर आणतात. उसाचा रस पाजतात, आम्ही बाकावर बसतो, बस लागली की उठतात. घरातलं आणि दुकानातलं कॅलेंडर भैय्याजींनी काढलं, नदीत सोडलं. मागच्या खेपेला मयुरीनं मला सांगितलं, "मी रोज कोकिळाकाकूच्या घरी जातो. तिथं तू हायेस भितीवर. काकू म्हनते हात जोड." मी विचारलं, मग तू काय करते? म्हणाली, "मी काई मांगत नाई. पाहून येतो फक्त." डिसेंबर संपला की कोकिळाबाई ते उतरवतील. तेव्हा ती कुठं जाणार, हे मला कोणी सांगत नाही.

आता भाऊबीजेचं. आईनं पाट मांडला, रांगोळी घातली. तू कुर्ता घालून बसलास, कॅमेरा उजव्या हाताशी, झाकण काढून ठेवलेलं. मी तबक घेऊन आले. तू म्हणालास, "थांब, निरांजनाचा उजेड चांगला पडतोय, इकडे पाहा." मी तुझ्याकडे पाहिलं. मला हळदीचा दिवस आठवला नाही. मला बैठक आठवली. तुझी आणि भैय्याजींची नजर एकच आहे हे मला तेव्हा कळलं. त्यांनी निदान झाक म्हटलं होतं.

मी तबक घेऊन तुझ्यासमोरून गेले आणि अंगणात उभी राहिले. बारीक कोर होती, मावळायला आली होती. तिला कुंकू दाखवलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं, आणि तबक तुळशीपाशी ठेवून मागच्या दारानं आत गेले. तू पाठीमागून फोटो काढलास, तो आवाज मला ऐकू आला. तोही लाव तुझ्या दालनात. खाली काय लिहायचं ते सांगते, कारण तुला ते मुंबईत कोणी सांगितलं नसेल आणि माझी संमती आहे असंच तू पुन्हा लिहिशील. ज्या बाईला भाऊ नसतो, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते.

आचल